गर्दीतून आलेला चेंडू

सातारा, ता. ९ ऑक्टोबर १९४६

तीर्थरूप मामांच्या पायांवर डोकं ठेवून मानसिंगचा नमस्कार.

तुमी जवाब देत न्हाई हे ठावं असून लिवतोय. साताऱ्याच्या पोलिस टीमकडनं हाकी खेळाय लागलो तवापास्नं तुमी माझ्या एका बी पत्राला उत्तर धाडलं न्हाई. अंजना म्हणती, "मामास्नी राग हाय तर असू दे, पण त्यांनी तुमाला वाढीवलंय, तुमी लिवत जावा." म्हणून लिवतो.

पुण्याला आमी शेवटचा सामना हरलो. पेपरात माझं नाव घालून आलंय की असा गोलकीपर प्रांतात दुसरा न्हाई. मोकळ्यावर कुणी बी मारू दे, गोलाम्होरच्या डीच्या कडंवरनं मारू दे न्हाईतर पार तोंडाशी येऊन, चेंडू माझ्या पायाला लागूनच परत जातोय. पण मामा, औंदा माझ्यावर जेवढे गोल झाले ते समदे एकाच जातीचे झाले. म्होरं गर्दी हुती. आपला बॅक, त्यांचा फॉरवर्ड, कुणाची पाठ, कुणाच्या मांड्या, आन् त्यातनं चेंडू. फटका काय लय जोराचा नसतोय. कवा कवा तर रांगत येतोय. आन् मी नुसता बघत ऱ्हातो, न्हाईतर भलत्याच बाजूला उडी घेतलेली असती. पुण्यात बी असाच गेला. आमचा कॅप्टन भाऊसो समद्यांदेखत म्हणाला, "एवढा नावाचा गोलकीपर, आन् म्हातारी बाई बी पदरानं अडवंल असला चेंडू सोडतोस व्हय रं?" डाक्टरकडं जाऊन डोळे तपासून घेतले. डाक्टर म्हणाला, असे डोळे घारीला असत्यात.

आमचा दुसरा गोलकीपर इलाही म्हणून हाय. पोलिस बँडात मोठा ढोल वाजवतो. अंगानं दांडगा, पाय जड. मोकळ्यावर त्याला कुणी बी गोल मारतंय. पण गर्दीतनं आलेला चेंडू त्याच्या पॅडवर आपटून माघारी जातोय. इचारलं तर हसतो. "मी कुटं अडवितो भाई, त्योच येऊन लागतो."

जानेवारीत प्रांताची टीम निवडणारी माणसं सांगलीला येणार हैत. तवा आमचा सामना तुमच्या रामबाग क्लबाबरोबर हाय. त्याच्या आत मला कळाय पायजे, असं का हुतंय. मला गोलात उभं तुमी केलं. दुसऱ्या कुणाला इचारू?

तुमचा भाचा
मानसिंग

सांगली, ता. २१ ऑक्टोबर १९४६

मानसिंग,

पत्र पोचलं. पेपरातली तारीफ कळवायची गरज नव्हती. मला वाचता येतं.

रामबाग क्लबानं तुला जागा दिली होती. तू माझ्या पाठीमागं साताऱ्याला जाऊन पोलिसात नाव घातलंस, आणि मला ते क्लबाच्या शिपायाकडून कळलं. तुझी आई राहीबाई मेली तेव्हा तिच्या चितेजवळून तुला खांद्यावर घालून आणलं ते मी. आणि मला शिपायाकडून कळलं. असो.

"असं का होतंय" म्हणून रडगाणं गाऊ नको. रिपोर्ट दे. गर्दी झाली की तुझे पाय कुठं असतात? टाचा जमिनीला टेकलेल्या की वर? डोकं कुणीकडं काढतोस? दर वेळी तिकडंच काढतोस का? गेलेले चेंडू कुठल्या बाजूनं गेले? तुझे बॅक कुठं उभे राहतात? हे सगळं नीट आठवून लिही. त्याशिवाय मला काही सांगता येणार नाही.

नाथाजी

सातारा, ता. २ नोव्हेंबर १९४६

तीर्थरूप मामास्नी मानसिंगचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. अंजनानं ते देवापुढं ठेवून मग मला वाचाय दिलं. मी साताऱ्याला आलो त्यात माझी चूक झाली, तुमाला इचारून याला पायजे हुतं. तुमी न्हाई म्हणशीला ह्या भ्यानं इचारलं न्हाई.

आता रिपोर्ट. गर्दी झाली की मी गोलरेषेच्या पाऊलभर म्होरं असतोय. टाचा वर असत्यात, समदं वजन बोटांवर. डोकं उजवीकडं काढतोय. दर बारीला उजवीकडंच, हे तुमी इचारलं तवा माझ्या ध्यानात आलं. गेलेले गोल आठवून बगितले तर बहुतेक डावीकडनं गेले. आमचा बॅक गुंडा लय आडदांड. चेंडू अडवाय म्हणून धावतो आन् माझ्याच म्होरं येऊन उभा ऱ्हातो. त्याला लाख सांगितलं. त्यो म्हणतो, "मग मी काय पंचायतीत जाऊन बसू व्हय?"

आनिक एक. गर्दी फाकली की चेंडू एकदम म्होरं दिसतोय, जणू मातीतनंच उगवला. कुणी मारला, कवा मारला, काय कळत न्हाई. मोकळ्यावर मला असं कधी झालं न्हाई. मोकळ्यावर मला चेंडू यायच्या आधीच ठावं असतंय.

तुमी इचारलंत एवढ्यानंच मला बरं वाटाय लागलंय. अंजनाला दिवस गेलेत. पोरगं झालं तर त्याला घेऊन तुमच्याकडं येतो.

मानसिंग

सांगली, ता. १९ नोव्हेंबर १९४६

मानसिंग,

तुझ्या डोळ्यांत काही बिघाड नाही. तू चेंडू बघतच नाहीस. कधीच बघितला नाहीस.

गावच्या माळावर मी तुला शिकवायचो ते आठव. मी चेंडू न ठेवताच स्टिक फिरवायचो आणि तू कुणीकडं हलतोस ते बघायचो. चुकलास की नडगीवर स्टिक बसायची. पुढचं पाऊल कुठं पडलं, खांदा किती वळला, मनगट कसं फिरलं, एवढ्यावरून तू चेंडू कुठं जाणार ते ओळखायला लागलास. फटका लागायच्या आधीच तू निघालेला असतोस. बघणारे म्हणतात, काय डोळे आहेत! इतक्या जवळून मारलेला चेंडू नुसत्या डोळ्यांनी बघून अडवणारा माणूस अजून जन्मला नाही. तू माणूस वाचतोस. ती विद्या मी तुझ्या अंगात घातली, आणि ती तुझ्याइतकी दुसऱ्या कुणात उतरली नाही.

गर्दीत तो मारणारा माणूसच झाकला जातो. तुझं जे काम फटक्याआधी व्हायचं ते होतच नाही. चेंडू कुणाच्या तरी पायांतून बाहेर येतो तेव्हा निम्मं अंतर संपलेलं असतं. आता तुझ्यापुढं फक्त चेंडू असतो, आणि चेंडू बघून हलायची तुझ्या अंगाला सवय नाही. म्हणून नुसता उभा राहतोस. नाहीतर गर्दीतल्या भलत्याच कुणाचा खांदा हलतो, तुझं अंग त्यालाच फटका समजतं आणि उडी घेतं. आणि मारणारा दिसेना की तू त्याला शोधायला डोकं उजवीकडं काढतोस. डोक्यामागं वजन जातं, वजनामागं पाय. टाचा वर असल्यामुळं परत फिरता येत नाही. डावी बाजू सताड उघडी पडते.

तुमचा तो ढोलवाला काहीच वाचत नाही. त्याच्यापुढं पडदा आला तर त्याचं काय जाणार? टाचा टेकून आडवा-उभा पसरून राहतो, चेंडू येऊन त्याला लागतो. जो जितका चांगला, त्याचं गर्दीत तितकं जास्त नुकसान. तू फार चांगला आहेस. तेच तुझं दुखणं आहे.

यावर उपाय आहे. मला ठाऊक आहे. तो मी तुला सांगणार नाही.

मी रामबाग क्लबाचा वस्ताद आहे, साताऱ्याच्या पोलिसांचा नाही. तुझा रिपोर्ट मी माझ्या पोरांना वाचून दाखवला. डावी बाजू त्यांच्या ध्यानात आहे. कॉर्नर मिळाला की ती सगळी तुझ्यापुढं येऊन उभी राहतील.

उपाय पाहिजे असेल तर नोकरी सोडून सांगलीला ये. रामबागेच्या गोलात ज्या दिवशी उभा राहशील त्या दिवशी सांगेन.

नाथाजी

सातारा, ता. ८ डिसेंबर १९४६

मामा,

तुमचं पत्र मी अंजनाला वाचून दाखवाय लागलो आन् मधीच थांबलो. तिनं हातातनं घेऊन पुढचं वाचलं.

नडगीवरच्या खुणा अजून हैत. मी कधी तुमाला उलटून बोललो न्हाई. मार खाल्ला की मला वाटायचं, मामा माझ्यासाठीच मारत्यात. तुमी मला रिपोर्ट लिवाय लावला आन् त्यो दुसऱ्यांस्नी वाचून दाखवला. असं एखाद्या परक्यानं बी केलं नसतं.

नोकरी सोडून येणार न्हाई. पोटुशी बायको हाय, आन् हितल्या माणसांनी मला जीव लावलाय. भाऊसो तोंडानं फाटका हाय, पण माझ्या अंजनाला कराडास्नं वैद्याचं औषध त्यानंच आणून दिलं.

तुमचा उपाय तुमच्यापाशी ठेवा. माझा मी शोधलाय. वरनं दिसत न्हाई तर खालनं बघायचं. गर्दी झाली की मी पार खाली बसतो, छाती गुडघ्यावर आन् तोंड बाकीच्यांच्या गुडघ्यांच्या उंचीला. एवढ्या पायांच्या मधनं मारणाऱ्याची पावलं दिसत्यात, स्टिकचं टोक दिसतंय. डोकं उजवीकडं काढायची गरजच ऱ्हात न्हाई. परेडच्या मैदानावर रोज करतोय. गर्दीतले बरेच चेंडू अडवाय लागलोय. भाऊसो परवा म्हणाला, "आता कसं, आता वाघ पिंजऱ्यातनं बाहेर आला."

लहानपणी तुमी मला तोंड खाली घालू देत नव्हता, ते ध्यानात हाय. पण दुसरा इलाज न्हाई.

मानसिंग

सांगली, ता. १७ डिसेंबर १९४६

चिरंजीव मानसिंग यास आशीर्वाद.

युक्ती चांगली आहे. तीच ठेव. सामन्यातही तसाच खाली बस, डगमगू नको. तुझं डोकं चालतं हे बघून समाधान वाटलं.

सूनबाईस जपावं.

नाथाजी

सातारा, ता. २८ डिसेंबर १९४६

तीर्थरूप मामास्नी मानसिंगचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं. तुमी मला चांगलं म्हणालात. मी आठवून बगितलं, तर असं तुमी कधी म्हणाला नव्हता. मागल्या पत्रात मी जास्ती बोललो, पोटात घाला. आमी सामन्याच्या आदल्या दिवशी सांगलीत उतरतोय. अंजना बी येतीय, तिचं माहेर हरिपुरात हाय, बाळंतपणापतुर तितंच ऱ्हाईल. सामना झाला की दोघं तुमच्या पाया पडाय येतो. हरलो जिकलो तरी.

मानसिंग

मिरज, ता. ३० जानेवारी १९४७

मामंजींच्या पायावर अंजनाचा नमस्कार.

मी चौथी शिकल्याली हाय, चुकलं तर सांभाळून घ्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिवतीया. ह्यांचा डावा डोळा काढला. डाक्टर म्हणालं, ठेवला असता तर दुसरा बी गेला असता. आता धोका न्हाई म्हणत्यात.

तुमी सामन्याला हुता. मी बी हुते, आमच्या आबांसंगं गाडीत बसून बघत हुते. पैल्यांदा ह्यांनी येवढं अडीवलं की तुमच्या सांगलीची माणसं सुदिक टाळ्या वाजवाय लागली. निवडायला आलेलं सायेब खुर्चीवरनं उठून उभं ऱ्हायलं. आबा मला म्हणालं, "पोरी, तुझा दाल्ला आता मुंबईला जातुय बघ." मग तुमास्नी त्यो कॉर्नर मिळाला. समदी ह्यांच्या म्होरं आली. हे खाली बसलं.

तवा तुमी लाइनीवरनं वरडला. मी ऐकलं मामंजी. आबांनी बी ऐकलं. "गुडघाभर! गुडघाभर उंच मार!" असं तुमी दोनदा वरडला.

चेंडू ह्यांच्या तोंडावर बसला. आवाज गाडीपतुर आला. हे आडवं झालं, आन् त्यो चेंडू म्होरं पडला त्यो तुमच्या एका पोरानं गोलात ढकलला. शिट्टी वाजली. गोल झाला म्हणालं. तुमची पोरं एकमेकाच्या गळ्यात पडली. भाऊसो दादांनी आन् त्या इलाहीभाईंनी ह्यास्नी उचललं. इलाहीभाई मिरजंपतुर टांग्यात ह्यांचं डोस्कं मांडीवर घेऊन बसलं हुतं, त्यांचा समदा अंगरखा भिजला. तुमी मैदान ओलांडून अलीकडं आला न्हाई. मला वाटलं दवाखान्यात येशीला. तितं बी आला न्हाई.

हे शुद्धीवर आलं तवा म्हणालं, "मामा हैत का भायेर?" मी व्हय म्हणाले. काय म्हणू? तुमी वरडल्यालं मी सांगितलं, तर म्हणालं, "तू चुकीचं ऐकलंस. मामांनीच लिवलं हुतं, युक्ती चांगली हाय." ते पत्र घरात मी वाचून दाखीवलं हुतं. वाचताना मला हुरूप आल्याला.

मला येवढंच इचारायचं हाय. खाली बसल्यावर चेंडू तोंडावर येणार हे तुमास्नी ठावं हुतं का न्हाई? एकदा येऊन त्यास्नी भेटा. त्यांचं डोळं दाराकडं लागल्यात असं लिवणार हुते, आता एकच लागलाय.

अंजना

सांगली, ता. ६ फेब्रुवारी १९४७

चि. सौ. अंजनास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ऐकून वाईट वाटलं.

सामन्यात वस्ताद ओरडतो ते आपल्या पोरांसाठी ओरडतो. बायकामाणसांनी त्याचा अर्थ लावू नये. गोल पंचांनी दिला, मी दिला नाही. गोलकीपरनं तोंड खाली घालू नये हे मानसिंगला मी लहानपणीच शिकवलं होतं. तो विसरला नव्हता, हे त्यानं स्वतः लिहून कळवलं होतं.

आमचा सेंटर फॉरवर्ड प्रांताच्या टीममध्ये निवडला गेला. त्याच्या तयारीत आहे. सध्या मिरजेला येणं जमणार नाही.

त्याला दूध-अंडी दे. रडू देऊ नको, जखमेला अपाय होतो.

नाथाजी

सातारा, ता. १२ ऑक्टोबर १९४७

नाथाजी मामांस,

आठ महिन्यांनी लिवतोय. ओळी तिरक्या गेल्यात, तेवढं चालवून घ्या. एका डोळ्यानं कागदाची कडा नीट कळत न्हाई.

पोरगी झाली. आईचं नाव ठेवलं, राही. बंदोबस्ताचं काम आता जमत न्हाई म्हणून खात्यानं मला कोठारावर घेतलंय, बूट आन् पट्टे मोजून देतो. संध्याकाळी मैदानावर जातो. भाऊसोनं मला टीमपास्नं तोडलं न्हाई.

एकदा इलाही आजारी हुता तवा मी गोलात उभा ऱ्हायलो. मोकळ्यावर कुणी बी मारलेला चेंडू गेला. चेंडू किती लांब हाय तेच कळत न्हाई, तर माणूस काय वाचणार? पण गर्दीतनं आलेले अडले, मामा. मी काय केलं न्हाई. टाचा टेकून उभा ऱ्हायलो आन् ते येऊन लागले. पोरं टाळ्या वाजवाय लागली. मी पॅड सोडले, विहिरीवर जाऊन तोंड धुतलं, आन् पुन्हा गोलात गेलो न्हाई.

गेल्या महिन्यात नानासो सुभेदार पेन्शनीच्या कामाला साताऱ्यात आलते. तुमच्या पलटणीत हुते, तुमच्या म्होरं बॅक खेळायचे. मी तुमचा भाचा म्हणाल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाले, "नाथाजीसारखा गोलकीपर मी बगितला न्हाई. पण गर्दी झाली की गेला. त्याच पायी त्याला टीममधनं काढला. पावसाळाभर एकटाच मैदानात उभा ऱ्हायचा, आमाला म्होरं उभं करून चेंडू मारून घ्यायचा. न्हाई जमलं. रडला बी हुता."

मला दुसरं काय नको. मिरजेला का आला न्हाई ते नको. काय वरडला ते बी नको. अंजनानं ऐकलं ते खरं, हे आता मी मानलंय. एवढंच सांगा. तुमच्यापाशी उपाय हुता का नव्हता? व्हय न्हाईतर न्हाई, एका शब्दात.

मानसिंग

सांगली, ता. ३ नोव्हेंबर १९४७

मानसिंग,

नव्हता.

मी शोधला, सापडला नाही. ज्याला माणूस वाचता येतो त्याला माणूस झाकल्यावर काही करता येत नाही. टाचा टेक, डोकं काढू नको, एवढं कुणालाही सांगता येतं. पण अंगात मुरलेली विद्या गर्दी झाली म्हणून बाजूला काढून ठेवता येत नाही. तुझी डोळ्याबरोबर गेली, म्हणून आता अडतात.

नाही म्हणून लिहिलं असतं तर तू सांगलीला यायचं कारणच राहिलं नसतं. आहे म्हटल्यावर येशील असं वाटलं. आला नाहीस. मग तू दुसऱ्यांच्या गोलात उभा होतास, आणि समोरच्या गोलात उभ्या असलेल्याला हरवायचं हेच मी आयुष्यभर केलं. तुझा डोळा जाईल असं मनात नव्हतं. तू हरावंस हे मनात होतं.

आता कामाचं. माझ्याकडं जोतिबा म्हणून गोलकीपर आहे, विशीचा. तुझ्यानंतर असा पोरगा हाताला लागला नव्हता. त्यालाही तेच सुरू झालं आहे, गर्दीतले जातात. जानेवारीत निवड आहे, आणि पोरगा बिथरला आहे, गोलात उभं राहायला नको म्हणतो. तो तुझं नाव घेतो. तू दोन दिवस ये आणि त्याला सांग की उपाय मामाकडं होता, मी घेतला नाही म्हणून माझा डोळा गेला. तुझ्याकडं बघून त्याचा विश्वास बसेल. मग तो टिकेल.

एवढं माझं काम कर. मी तुला वाढवलं आहे.

नाथाजी

सातारा, ता. १४ डिसेंबर १९४७

नाथाजी मामांस,

तुमच्या सांगण्यावरनं मी सांगलीला येऊन गेलो. तुमच्याकडं आलो न्हाई. जोतिबाला निरोप धाडून नदीच्या घाटावर बोलावला.

पोरगा चांगला हाय. माझ्या तोंडाकडं बघायचं टाळत हुता. मी म्हणालो, "बघ की. त्यासाठीच मला बोलवलंय." मग बगितलं त्यानं. म्हणाला, "दादा, वस्ताद म्हणत्यात उपाय हाय. जानेवारीपतुर निष्ठेनं ऱ्हायलास तर देईन. खरं हाय का?"

क्षणभर माझ्या मनात आलं, व्हय म्हणावं. मामा, ते तुमच्यासाठी न्हवं. मला वाटलं, मी एकटाच का? ह्याचं बी व्हावं. दोन्ही डोळे शाबूत घेऊन म्होरं बसलेला पोरगा बघून मला त्याचा राग आला. मी घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यापतुर गेलो, आन् ते मनातनं जाईपतुर वर आलो न्हाई. हे तुमी माझ्यात घातलंय, त्ये नडगीवरच्या खुणांपेक्षा खोल गेलंय, हे मला तवा कळलं.

मग त्याला समदं सांगितलं. चेंडू का दिसत न्हाई ते तुमच्याच शब्दांत सांगितलं, कारण तेवढं तुमी खरं लिवलं हुतं. उपाय न्हाई म्हणून सांगितलं. तुमचं "नव्हता" लिवलेलं पत्र त्याला वाचाय दिलं. त्यो लहान पोरावानी रडला. म्हणाला, "मग मी आता काय करू?" मी म्हणालो, गोल सोड. तुला माणूस कळतोय, चेंडू मारायच्या आधी कळतोय. ते गोलातच कशाला पायजे? म्होरं ये, हाफला खेळ. तितं तुझ्या म्होरं कुणी पडदा धरणार न्हाई.

दुसऱ्या दिवशी त्यो माझ्यासंगं मोटारीत बसला. आता आमच्या टीममधी राइट हाफला खेळतोय. समोरचा पास द्यायच्या आधीच हा तितं जाऊन उभा असतोय. भाऊसो म्हणतो, "ह्यो पोरगा का भूत हाय?" दुपारी आमच्याकडं जेवतो. राही त्याच्या मांडीवर झोपती.

तुमच्या क्लबातनं कळलं की जानेवारीच्या सामन्याला रामबागेपाशी गोलकीपर न्हाई. दुसरा कुणी तुमच्या हाताखाली उभा ऱ्हायाला तयार न्हाई. माझं तोंड आता सांगलीत समद्यांनी बगितलंय, आन् ते कुणामुळं झालं हे जोतिबानं निघायच्या आधी सांगितलंय.

तवा तुमीच पॅड बांधा. तुमचं वय झालंय, पण डोळे चांगले हैत. निवांत उभं ऱ्हावा. तुमच्या म्होरं आता कोण बी न्हाई.

मानसिंग